नोलीनने न ऐकलेली गोष्ट

नोलीन क्रॅकनेल पहिल्यांदा आमच्या विभागात आली तेव्हा बसण्याआधी तिने खुर्ची उलटी करून पाहिली. मी विचारलं, काही हरवलंय का? ती म्हणाली, "नाही. तुम्ही खाली काय लावून ठेवलंय ते बघतेय." खाली कुणा विद्यार्थ्याने चिकटवलेलं वाळकं च्युइंगम होतं. ते पाहून तिचा संशय फिटायच्या ऐवजी वाढला. मग ती भिंतीवरच्या आरशापाशी गेली, काचेला बोट टेकवून पाहिलं, आणि आरशाकडे तोंड करून म्हणाली, "नमस्कार मंडळी. आत चहा-बिहा मिळतो का?" आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत मानसशास्त्राची चार-पाच पोरं वह्या घेऊन बसली होती. त्यांतला एक खिदळला आणि ते बाहेर आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

मला ती बाई त्याच दिवशी आवडली. मीही त्याच जातकुळीची. विभागातल्या संशोधनाचा कारभार माझ्याकडे आहे. पीएचडीची मुलं माणसांच्या चाचण्या घेतात, आकडे भरतात, आणि त्या आकड्यांवर संशय घेण्याचा मला पगार मिळतो. पोरं माझ्या माघारी मला हवालदारीण म्हणतात. म्हणोत बापडी. कोणाचे आकडे फार सुरेख आले की मी ते पुन्हा तपासते, कारण माणसं सुरेख नसतात.

होबार्टच्या या टेकडीवर आमची जी इमारत आहे तिथे तसंही कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. गुरुवारी दुपारी एक जण आपलं संशोधन मांडतो आणि बाकीचे जॅम लावलेले स्कोन खात खात त्याची चिरफाड करतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगांत भाग घेतल्याबद्दल गुण मिळतात, आणि निम्म्या प्रयोगांत त्यांना खोटंच काहीतरी सांगितलेलं असतं. त्यामुळे सहा महिन्यांत ती अशी तयार होतात की विचारू नका. एका हिवाळ्यात तळमजल्यावर पाण्याचा पाइप फुटला, बोळातून लोंढा वाहायला लागला, आणि वीसेक मुलं भिंतीला पाठ लावून शांतपणे बघत उभी राहिली. कोण धावतं आणि कोण नाही हे टिपायचा प्रयोग चाललाय अशी त्यांची खात्री होती. बूट भिजले तरी एक जण हलला नाही.

आमचा प्रकल्प मात्र साधा, सरळ. म्हातारपणी स्मरणशक्ती कशी बदलते ते पाहायचं. दक्षिण टास्मानियातली साठीच्या पुढची जोडपी वर्षातून दोनदा यायची, एकदा शरदात आणि एकदा वसंतात. चाचण्या बऱ्याच होत्या, पण मुख्य होती ती गोष्टीची. एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची, ती लगेच सांगायला लावायची, आणि अर्ध्या तासाने पुन्हा सांगायला लावायची. काय राहिलं आणि काय गळलं ते मोजायचं.

नोलीन आणि तिचा नवरा डेस सिग्नेटहून यायचे. नोलीनचा जन्म तिथल्याच सफरचंदांच्या बागेतला. लग्नाआधी ती फळं निवडायच्या शेडमध्ये कामाला होती, आणि नंतर वीस-बावीस वर्षं तिने शाळेचं कॅन्टीन चालवलं. डेस नगरपालिकेचं रस्ता सपाट करायचं यंत्र चालवायचा. माणूस अबोल. नोलीन बोलायची आणि डेस मान हलवायचा, अशी त्यांची वाटणी होती. कॅन्टीनमध्ये एखाद्या पोराने कोटात पॅटिस दडवून न्यायचं म्हटलं तर त्याची डाळ शिजायची नाही. "हसत हसत आला की समजायचं, खिशात काहीतरी आहे," असं ती सांगायची. हसत हसत येणाऱ्या आमच्या प्राध्यापकांकडेही ती त्याच नजरेने बघायची.

ती आमच्याकडे का आली याला कारण होतं. तिची मोठी बहीण डॉट विसरभोळी झाली, डॉक्टरने एक पत्र लिहिलं, मुलांनी सह्या केल्या, आणि महिन्याभरात डॉट वृद्धांच्या निवासात. तिच्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हातात. डॉटला कोणी काही विचारलं नाही की सांगितलं नाही. नोलीनने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. "माझ्या बाबतीत असं व्हायचं नाही," ती मला म्हणाली. "तुम्ही माझं डोकं मोजत राहा. उद्या कोणी म्हणालं, नोलीनचं डोकं गेलं, तिला हलवा, तर माझ्याकडे विद्यापीठाचा पुरावा पाहिजे."

आणि नेमक्या त्याच पुराव्यात मेख होती. गुण ठरावीक रेषेच्या खाली लागोपाठ दोनदा गेले तर आम्ही त्या माणसाच्या डॉक्टरला कळवायचं, असा आमचा नियम. हे ऐकल्यावर ती उठून चालायला लागली होती. डेसने तिला दारातून परत आणलं. मग तिने तो नियम माझ्याकडून, एका प्राध्यापकाकडून आणि झाडायला आलेल्या माणसाकडून असा तिघांकडून वाचून घेतला, तिघांनी एकच वाचल्याची खात्री केली, आणि सही केली. घर हवं होतं तिला. सिग्नेटचं तिचं घर, मागची बदकं, आणि मरेपर्यंत स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःची किटली.

दहा-अकरा वर्षं ती येत राहिली. विभागाला तिचं वेड लागलं होतं. ती यायच्या दिवशी पोरं आरशामागे जागा धरायला भांडायची. बिस्किटांची बशी ठेवली की ती विचारायची, "किती खाल्ली ते कोण लिहितंय?" आणि खरोखरच एकदा एक जण ते लिहीत होता. दुसऱ्याच कुठल्या प्रयोगासाठी, आणि मला न विचारता. त्याला मी नंतर सोलून काढला.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिचा संशय जरा वाढला. आमचा चहा तिने बंद केला. कोणीतरी तिचा कप बदलतो म्हणे. मग कोट. तिने खुंटीला लावलेला कोट तिचा नव्हताच, आम्ही तसलाच दुसरा आणून लावला होता म्हणे, बाह्या जरा लांब असलेला. एकदा तर ती मला हळूच म्हणाली, "कोरल, तुमच्यातलं कोणी सिग्नेटला येतं का? घरी?" मी म्हटलं, आम्हाला पेट्रोलचे पैसे कोण देणार? ती हसली नाही. आम्ही मात्र हसलो. चहाच्या वेळी तो कोटाचा किस्सा रंगवून सांगितला गेला. नोलीन ती नोलीनच, असं सगळे म्हणाले.

ती आमचा चहा घेत नाही म्हणून ती दोघं मधल्या सुट्टीत पार्किंगमध्ये जायची. आधी डेसची चाचणी, मग अर्धा तास सुट्टी, मग नोलीनची. त्या अर्ध्या तासात ती दोघं आपल्या जुन्या पिकअप गाडीत बसून घरून आणलेला चहा प्यायची. माझ्या खिडकीतून ती गाडी दिसायची.

मग एका वसंतात नोलीनचे गुण धाडकन खाली आले. रेषेच्या खाली. गोष्टीतलं जेमतेम दोन-तीन शब्दांचं काहीतरी तिला सांगता आलं. मला वाईट वाटलं, पण नियम दोनदाचा होता, आणि माणसाचा एखादा दिवस वाईट जातो. गुण आम्ही सहभागी माणसांना सांगत नाही. त्या दिवशी चाचणी घेणारी मुलगीही काही बोलली नाही. पण नोलीन खोलीतून बाहेर आली तेव्हा डेसने तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तेवढं त्याला पुरलं असणार.

पुढच्या शरदात नोलीनचे गुण आले ते जवळजवळ पैकीच्या पैकी.

मी तो आकडा पाहिला आणि माझे कान टवकारले. या वयात माणूस जिना उतरतो, मध्ये पायरीवर थांबतो, पण उड्या मारत वर जात नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. ती चाचणी घेतली होती ब्रिओनी पॅस्कोने. ब्रिओनी म्हणजे आमची पीएचडीची मुलगी, पेंग्विन नावाच्या गावातल्या शेतावरून आलेली, गालांवर लाली आणि कायम घाईत. तिला वर्षअखेर प्रबंध द्यायचा होता, आणि ज्याला घाई त्याच्यावर मी आधी संशय घेते. मी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग काढलं आणि कानाला लावलं.

ब्रिओनी गोष्ट वाचत होती. रूथ नावाची परिचारिका बर्नीहून बसने निघाली, तिची छत्री बसमध्ये राहिली, बसच्या चालकाला ती सापडली... आणि एवढ्यात फायर अलार्म वाजला. खुर्च्या सरकल्याचा आवाज, नोलीनचं "बघ, सुरू झाले यांचे खेळ," आणि मग बराच वेळ काही नाही. तो अलार्म खोटा होता, तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी टोस्ट जाळला होता. परत आल्यावर ब्रिओनीच्या डोक्यातून निसटलं की गोष्ट अर्धीच वाचून झालीय. ती सरळ म्हणाली, "हं, आता सांगा बघू काय आठवतंय ते."

म्हणजे उरलेली गोष्ट नोलीनला कोणी सांगितलीच नव्हती. आणि कागदावर गुण पैकीच्या पैकी. मी रेकॉर्डिंग तिथेच बंद केलं, खाली गेले आणि ब्रिओनीला तिच्या खोलीत गाठलं. मी म्हटलं, पोरी, न ऐकलेल्या गोष्टीचे गुण तू कुठून आणलेस? तिचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. ती रडली नाही, तिने फक्त एवढंच म्हटलं, "तुम्ही पुढचं ऐकलंत का?"

नव्हतं ऐकलं. दोघींनी मिळून ऐकलं. नोलीनचा आवाज, कॅन्टीनमधला, ठणठणीत. "रूथ नर्स. बर्नी. छत्री बसमध्ये राहिली. ड्रायव्हरने ती बेकरीत नेऊन ठेवली, आणि तिने त्याच्यासाठी जर्दाळूचा केक करून आणला."

बेकरी आणि जर्दाळूचा केक अलार्मनंतरच्या भागात होते.

ब्रिओनी म्हणाली, तिला ते तेव्हा लक्षातच आलं नाही. गोष्ट इतकी पाठ झालीय की आपण कुठपर्यंत वाचली हेच कळलं नाही. मला ते खरं वाटलं. घाईतलं माणूस अशीच चूक करतं, लबाड माणूस याहून नीटनेटकं काम करतो. आता प्रश्न एवढाच होता की केक नोलीनपर्यंत पोचला कसा. आणि तो अवघड नव्हता. चूक आमच्या मांडणीतच होती. नवरा-बायकोची तुलना स्वच्छ व्हावी म्हणून आम्ही एका घरातल्या दोघांना एकच गोष्ट देत होतो. कागदावर ते फार हुशारीचं दिसत होतं. मधल्या अर्ध्या तासात ती दोघं एका गाडीत बसतात, हे प्राध्यापकापासून एथिक्स कमिटीपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि गाडी माझ्याच खिडकीखाली.

म्हातारा-म्हातारी चक्क कॉपी करत होती. मला आधी हसू आलं आणि मग राग. अकरा वर्षांचे आकडे. त्यातले किती खरे आणि किती गाडीत शिजवलेले?

ब्रिओनीचं म्हणणं पडलं की त्यांना सरळ विचारावं. मी म्हटलं, विचारलंस तर नोलीन तुला ताकास तूर लागू देणार नाही. मी एथिक्स कमिटीकडून एक दुरुस्ती मंजूर करून घेतली: यापुढे एका घरातल्या दोघांना वेगवेगळ्या गोष्टी द्यायच्या. कागदावर ती दुरुस्ती होती, माझ्या मनात तो सापळा होता. डॉक्टरच्या पत्राचा प्रश्न मी तोवर लोंबकळत ठेवला. खोट्या गुणांवर ना पत्र धाडता येत होतं ना सुटका करता येत होती. ज्या घरासाठी नोलीनने ती सही केली होती, ते आता एका गोष्टीवर टांगलेलं होतं.

वसंतात दोघं आली. वारा असा सुटला होता की पार्किंगमधले कचऱ्याचे डबे फिरत होते. डेसला ब्रिओनीने कुत्र्याची गोष्ट वाचून दाखवली. एका कोळ्याचा कुत्रा चुकून दुसऱ्याच बोटीत चढतो, पलीकडच्या बेटावर उतरतो, तिथली पोस्टमास्तरीण त्याला टपालाच्या बोटीतून परत पाठवते. डेसने ती छान सांगितली. मग दोघं गाडीत जाऊन बसली. मी खिडकीत उभी राहिले. डेसचे ओठ हलत होते. तो बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. डेस एवढं बोलू शकतो हे मला माहीतच नव्हतं. नोलीन समोर बघत होती आणि मध्ये मध्ये मान हलवत होती.

मी आरशामागे जाऊन बसले, एकटीच. पोरांना हाकलून दिलं होतं.

ब्रिओनीने नोलीनला घड्याळाची गोष्ट वाचली. गावातल्या टॉवरचं घड्याळ बंद पडतं, एक विधवा बाई वर चढून ते दुरुस्त करते, वगैरे. ब्रिओनी वाचत असताना नोलीन तिच्याकडे अशी बघत होती की जणू समोर कोटात पॅटिस दडवलेलं पोरगं उभं आहे. वाचून झाल्यावर ब्रिओनी म्हणाली, सांगा. नोलीनने घसा साफ केला आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. सगळी. कोळी, दुसरी बोट, बेट, पोस्टमास्तरीण. वर कुत्र्याचं नावही सांगितलं, ब्लूई. गोष्टीत कुत्र्याला नावच नव्हतं.

ब्रिओनीने मान खाली घालून लिहून घेतलं. नोलीन पुढे झुकली आणि म्हणाली, "ते घड्याळाचं मला फसवायला वाचलंस ना? मी नाही फसत. मला खरी गोष्ट माहितीय."

मी आरशामागून उठले. माझा सापळा लागला होता, आणि लागल्याचा काही आनंद झाला नाही. मी कोट न घालताच खाली पार्किंगमध्ये गेले.

डेस गाडीला टेकून उभा होता. मला बघताच त्याला कळलं. मी म्हटलं, "डेस, दोघांना वेगळ्या गोष्टी दिल्या होत्या."

त्याने इमारतीच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "तिने कुठली सांगितली?"

"तुमची. ब्लूईसकट."

"ब्लूई आमचा कुत्रा होता," तो म्हणाला. "कधीच गेला. पण त्याचं नाव घातलं की तिला पुढचं राहतं. जर्दाळूचा केक तिची आई करायची, म्हणून तोही राहिला. नाहीतर सात-आठदा सांगावं लागतं."

मग तो बोलत राहिला. सवय नसलेला माणूस बोलतो तसा, तुकड्या-तुकड्यांत. गोष्टी पढवायला त्याने त्या वाईट दिवसानंतर सुरुवात केली होती, त्याआधी कधीच नाही. आपण कॉपी करतोय हे नोलीनला माहीत नव्हतं. त्याने तिला सांगितलं होतं की विद्यापीठवाले आत गेल्यावर तिला भलतंच काहीतरी वाचून दाखवतील, गोंधळात पाडायला, तर तिने त्याचीच गोष्ट धरून ठेवायची. आमच्यावर संशय घ्यायला तिला कधी फार सांगावं लागलं नव्हतंच. घरी किल्ल्या सापडत नव्हत्या. पर्स फ्रीझरमध्ये निघायची. बदकांना एका दिवशी तीनदा दाणे, आणि मग दोन दिवस नाही. आणि ती म्हणायची, घरात कोणीतरी शिरतं आणि माझ्या वस्तू हलवतं. दाराची कुलपं त्याने दोनदा बदलली होती, तिला झोप लागावी म्हणून.

मी विचारलं, कोण शिरतं असं तिला वाटतं? डेसने बूट वाळूत घासला. म्हणाला, ते ती सांगत नाही.

तिथे उभी असताना मला तो कप आठवला, तो कोट, ते "तुमच्यातलं कोणी घरी येतं का". म्हातारपणी डोकं झिजायला लागलं की बरेचदा आधी संशय वाढतो, हे आम्ही दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. परीक्षेत विचारतो. मला इतका संताप आला की मी गाडीच्या चाकाला लाथ मारली, आणि डेस चमकून माझ्याकडे बघायला लागला.

तेवढ्यात नोलीन बाहेर आली. मागोमाग ब्रिओनी; तिला थांबवणं काही जमलं नव्हतं. वाऱ्याने नोलीनचे केस विस्कटले होते. पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. ती आमच्यापासून चार पावलांवर थांबली, आधी डेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही दोघं माझ्याबद्दल बोलताय."

"नाही गं," डेस म्हणाला. "वाऱ्याचं चाललंय आमचं."

त्याच्या आवाजावरून कळत होतं की हे असलं उत्तर तो रोज देतो, आणि रोज ते खरं असतं. कोणी तिचा कप बदललेला नसतो, कोणी कोट पळवलेला नसतो, आणि सगळे तिला नाही म्हणतात. आज मात्र तिचं बरोबर होतं. आज मीही वाऱ्याबद्दल बोलले असते तर पत्र जाणार ते जाणारच होतं, आणि डॉटसारखं तिलाही सगळ्यांत शेवटी कळलं असतं. डेस माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको म्हणून.

मी म्हटलं, "हो नोलीन. तुमच्याबद्दलच बोलतोय."

"मग तोंडावर बोला."

मी बोलले. तिला ऐकलेलं राहत नाही हे सांगितलं. डेस तिला गोष्ट पढवून आत पाठवतो ते सांगितलं. गेल्या वसंतातले गुण सांगितले, जे आम्ही कधी कोणाला सांगत नाही. ती मला शिव्या घालेल अशी माझी तयारी होती. तिने मध्ये एकदाच विचारलं, "आणि माझा कोट?"

"तो तुमचाच होता. कप पण. कोणी काही बदललं नाही."

ती डेसकडे वळली. "घरच्या किल्ल्या?"

"तूच ठेवतेस, नोल. आणि विसरतेस."

"फ्रीझरमधली पर्स?"

"तूच."

"म्हणजे घरात कोणी शिरत नाही?"

"कोणी नाही."

ती गाडीच्या पायरीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला तेव्हा ओळखता आलं नाही, कारण मी भीतीची वाट बघत होते आणि ती सुटका होती. किती रात्री ती दाराच्या आवाजाकडे कान लावून पडली असेल कोण जाणे. ब्रिओनी तोंड फिरवून रडत होती.

नोलीन अजून सिग्नेटलाच आहे. पत्र मी लिहिलं, आणि धाडायच्या आधी तिच्या टेबलाशी बसून तिला वाचून दाखवलं. तिने त्यातला एक शब्द बदलायला लावला. सकाळी एक बाई येते, औषधं देते, बदकांचे दाणे मोजून ठेवते. हे किती दिवस चालेल ते मला माहीत नाही, डेसलाही नाही. प्रकल्पातून आम्ही त्या दोघांचे शेवटचे आकडे काढून टाकले आणि पार्किंगमधली सुट्टी बंद केली. पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी नोलीन पायरीवर बसून नवऱ्याच्या बुटांकडे बघत होती, आणि मग तिने मान वर केली.

"मला वाटत होतं, ते सगळं तू करतोस," ती म्हणाली. "मला वेडी ठरवून घराबाहेर काढायला."

"ठाऊक होतं मला," डेस म्हणाला.